यंत्राची आठवण किती असावी?



या व्याख्यानमालेचे बोलावणे आले तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती की आम्ही बोनसवर, किमान वेतनावर, किंवा फार तर 1982 च्या मुंबईच्या गिरणीसंपावर बोलू. आम्ही विषय कळवला तो यंत्राच्या आठवणीचा. चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, “हा विषय इंजिनिअरचा. युनियनवाल्याचा त्याच्याशी काय संबंध?” त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान. मजुरीचा तंटा पूर्वी मागावर होता, मेहताजीच्या वहीत होता. आता तो मागाला लावलेल्या एका लहानशा डबीत जाऊन बसू लागला आहे. आणि जेथे तंटा जाईल तेथे त्याच्या मागोमाग जाणे हा आमचा धंदा आहे.

भिवंडीकराला माग म्हणजे काय हे सांगावयास नको. नवखा पाहुणा आपल्या गावी मुक्कामाला आला तर खडखडाटाने त्याला झोप येत नाही. आणि आपण लोक, वीज गेली व खडखडाट थांबला, की दचकून जागे होतो. या मागांवर, गावाभोवतीच्या गोदामांत आणि आपल्या घरच्या विजेच्या मीटरांतसुद्धा आता एक नवी वस्तू येत आहे. तिला ‘एज कॉम्प्युटिंग’ म्हणतात. एज म्हणजे काठ. आम्ही आपले त्याला ‘काठावरचा हिशेब’ म्हणतो.

ही गोष्ट काय आहे? मोठी संगणककेंद्रे दूर असतात. काही नव्या मुंबईत आहेत, काही चेन्नईत, काही परदेशात. यंत्राने जे जे पाहिले ते सगळे केंद्राकडे धाडायचे, केंद्राने विचार करायचा आणि निकाल परत पाठवायचा, ही एक रीत. दुसरी रीत अशी की यंत्राच्या अंगालाच छोटा संगणक बसवायचा. त्याने जागच्या जागी हिशेब करायचा आणि केंद्राला फक्त सार कळवायचे. जुन्या गिरणीचे उदाहरण घ्या. हेड ऑफिस फोर्टमध्ये असे आणि जॉबर खात्यात. धागा तुटला म्हणून कोणी फोर्टला विचारावयास जात नसे. जॉबर तेथेच निकाल लावी. काठावरचा संगणक हा नव्या जमान्याचा जॉबर आहे. जॉबराला काय आठवते आणि काय तो सोयीने विसरतो, यावर कामगाराचे नशीब कसे हेलकावे खाई, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. म्हणून या नव्या जॉबराच्या आठवणीचा विचार आपण वेळीच केला पाहिजे.

यंत्राला आठवण देण्याची युक्ती निघाली ती विणकामातच, हे ऐकून आपल्याला अभिमान वाटावा. फ्रान्समधील लियाँ या रेशमाच्या गावी 1725 साली बूशाँ नावाच्या माणसाने भोके पाडलेल्या कागदावरून मागाचे दोर उचलण्याची रीत काढली. पुढे 1804 च्या सुमारास जॅकार्डने पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर चढवली. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तेथे खाली ठेवायचा. विणकराने डोक्यात वागवायची नक्षी आता पत्त्यांनी लक्षात ठेवली. 1839 साली खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले. त्याला सुमारे 24,000 पत्ते लागले, आणि एकेका पत्त्यावर हजारावर भोकांची जागा होती. त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाजवळ होती, आणि आपल्या गणनयंत्राला असेच पत्ते लावण्याची त्याची योजना होती. अमेरिकेची 1890 ची खानेसुमारी हॉलरिथने पत्त्यांवरच मोजली. म्हणजे संगणकाचे मूळ शोधत गेलो तर आपण मागाच्या शेडात येऊन उभे राहतो.

आता थोडे गणित. भोक आहे की नाही, एवढ्या एका हो-नाहीला ‘बिट’ म्हणतात; आठ बिटांचा एक ‘बाइट’. जॅकार्डच्या त्या चित्राच्या पत्त्यांवर हजार-हजार जागा धरल्या तर 2 कोटी 40 लाख बिट, म्हणजे 30 लाख बाइट होतात. आज एवढी आठवण नखाएवढ्या चकतीत राहते आणि तरी जागा उरते. मग अडचण कोठे आहे? अडचण जागेची कमी आणि निवडीची जास्त आहे. ती समजण्यासाठी घडलेली एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी शांतीनगरच्या बाजूच्या एका शेडात प्रत्येक मागाला डबी लावण्यात आली. मागाच्या दांड्यावर एक लोहचुंबक. दांडा एकदा फिरला की डबीत एक आकडा वाढे. एक फेरा म्हणजे एक पीक. हे पीक शेतातले नव्हे; धोटा एकदा इकडून तिकडे गेला की बाण्याचा जो एक धागा पडतो त्याला मागवाले पीक म्हणतात. मजुरीचे सारे गणित त्यावर आहे. इचलकरंजीला तर मजुरीचा दरच 52 पिकांच्या हिशेबाने बोलला जातो. डबी आल्यावर कामगारांची हरकत नव्हती. उलट ते म्हणाले, “बरे झाले, आता मेहताजीशी हुज्जत नको.”

महिना झाला आणि हुज्जत दुप्पट झाली. घडीवाले ताग्यांची जी मापे सांगत, त्यांपेक्षा डबीचा हिशेब दर आठवड्याला काही मीटर कमी भरे. मालक म्हणाले, यंत्र खोटे बोलत नाही. कामगार म्हणाले, कापडही खोटे बोलत नाही. आमच्याकडे प्रकरण आले. तेलंगणातून आलेला एक वयस्क विणकर तेथे होता. त्याने काही न बोलता आम्हांला भिंतीपाशी नेले. भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. वीज गेली की तो एक रेघ ओढत असे. ज्या आठवड्यात रेघा जास्त, त्या आठवड्यात तूट जास्त. वाचता येत नसलेल्या त्या गृहस्थाने दुखणे बरोबर हेरले होते.

दुखणे असे होते. अशा डबीत दोन प्रकारची आठवण असते. एक चालू आठवण; तिला रॅम म्हणतात. ती चपळ असते, कितीही वेळा लिहा-पुसा, थकत नाही; पण वीज गेली की कोरी होते. फळ्यावरचे लिहिणे आणि वर ओला बोळा फिरलेला, तसा प्रकार. दुसरी कायमची आठवण. ती बहुधा फ्लॅश जातीची असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या जपानी इंजिनिअरने 1980 नंतरच्या दशकात ती सिद्ध केली. कॅमेऱ्याच्या झगझगाटासारखे तिच्यातले घरच्या घर एकदम पुसले जाते म्हणून ते नाव. वीज गेली तरी ती विसरत नाही. पण तिला एक खोड आहे: पुन्हा पुन्हा पुसून लिहिले की ती झिजते. लहान यंत्रांतले एकेक घर साधारणपणे दहा हजार ते एक लाख वेळा पुसणे सोसते; नंतर त्याचा भरवसा राहत नाही.

आता हिशेब करा. साधा माग मिनिटाला 150 पीक टाकतो असे धरू. बारा तासांची पाळी. कायद्याचे आठ तास आणि मागावरचे बारा, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. माग न थांबता चालला तर पाळीला 1,08,000 पीक. प्रत्येक पिकाला कायमच्या आठवणीत एकाच घरात आकडा लिहायचा म्हटले तर लाखाची मर्यादा असलेले घर एका पाळीतच मरेल! म्हणून डबी बनवणाऱ्याने काय केले? आकडा चालू आठवणीत मोजायचा आणि दर दहा मिनिटांनी एकदा कायमच्या आठवणीत टिपायचा. यंत्राच्या दृष्टीने हे शहाणपणाचे. पण नवव्या मिनिटाला वीज गेली तर? नऊ मिनिटांचे 1,350 पीक गेले. इंचाला 52 पीक धरले तर हे 26 इंच कापड. एक विणकर सहा माग सांभाळत असेल तर 156 इंच, म्हणजे जवळजवळ चार मीटर. सरासरीने त्याच्या निम्मे धरा. कापड तयार आहे, विकले जाणार आहे. फक्त ते विणल्याची आठवण नाही. दिवसातून तीनदा वीज गेली की सहा मीटरांची मजुरी हवेत विरली.

येथे आम्ही मुद्दाम सांगतो की मालकाने चोरी केली नव्हती, आणि डबी बसवणाऱ्यानेही नव्हती. दहा मिनिटे हा आकडा कोणी तरी टेबलाशी बसून ठरवला होता, आणि त्याला भिवंडीची वीज ठाऊक नव्हती. पण परिणाम चोरीचाच झाला. आमच्या मते आजच्या व्याख्यानातली मुख्य गोष्ट ही आहे. यंत्राने काय लक्षात ठेवावे आणि काय विसरावे हे कोणाला तरी ठरवावेच लागते. ते ठरवणे दिसायला कारागिरीचे असते. वास्तविक तो मजुरीचा निर्णय असतो. मग त्या टेबलाशी ज्याची मजुरी जाते त्याला खुर्ची नको काय?

उपाय निघाला. दर मिनिटाला टिपायचे, पण एकाच घरात नव्हे. हजार घरे करून एकामागून एक फिरत जायचे. दर मिनिटाला एकाच घरात लिहिले तर दिवसाला 1,440 वेळा, म्हणजे लाखाचे घर सत्तर दिवसांत संपते. हजार घरे फिरती ठेवली तर तेच काम 190 वर्षे चालेल. शिवाय वीज जाताच क्षणभर तग धरील एवढा साठा देणारा एक कपॅसिटर लावला, की जाता जाता शेवटचा आकडाही टिपला जातो. खर्च किरकोळ. भांडण सुटले. त्या विणकराने खडू मात्र खिशातच ठेवला, आणि त्याचे बरोबर होते.

आता दुसरा प्रश्न: किती जागा लागते? येथेही निवड आली. मागाच्या प्रत्येक पिकाची वेळ टिपायची म्हटली तर एका वेळेला चार बाइट, म्हणजे पाळीला 4,32,000 बाइट. पण त्याची गरज आहे काय? माग चालू आहे तोवर सांगण्यासारखे काही नसते. माग थांबला कधी, का थांबला आणि तोवर पीक किती झाले, एवढे पुरे. वेळेला चार बाइट, कारणाला एक, पिकांच्या आकड्याला तीन. एका थांबण्याला आठ बाइट. पाळीत साठ वेळा माग थांबला तरी 480 बाइट. चार लाखांचे काम पाचशेत झाले. काठावरच्या हिशेबाचे सारे मर्म यात आहे: जागेवर विचार केला की आठवणीचे ओझे हलके होते.

कापडातला दोष पाहणारा कॅमेरा घ्या. दहा लाख ठिपक्यांचे साधे करडे चित्र दहा लाख बाइटांचे. सेकंदाला एक म्हटले तर दिवसाची 86,400 चित्रे, म्हणजे 8,640 कोटी बाइट. एवढे रोज दूर धाडणे लहान कारखानदाराला परवडणार नाही. म्हणून यंत्र चित्र जागेवरच पाहते, “अमुक मीटरला ताण्याचा धागा तुटलेला” एवढे लिहिते आणि चित्र टाकून देते. पण दोष ओळखायला शिकवलेले जे ज्ञान, त्यालाही जागा लागते. लहानातल्या लहान ज्ञानाचे दहा लाख आकडे धरले तर दहा लाख बाइट झाले, आणि स्वस्त संगणकाची चालू आठवण कधी कधी याच्या निम्मीही नसते. शिवाय यंत्राची आज्ञावली बदलायची झाली तर नवी पुरी उतरून तपासली जाईपर्यंत जुनी पुसता येत नाही. मध्येच वीज गेली तर यंत्र ना इकडचे ना तिकडचे होईल. बदली गडी हजर होईपर्यंत जुन्याला घरी पाठवू नये, तसे हे आहे. तेव्हा आज्ञावलीला दुप्पट जागा ठेवावी लागते. एवढी सगळी वाटणी झाल्यावर कामगाराच्या नोंदीला जो कोपरा उरतो, तो उरला तर उरला.

आणि कोपरा भरला म्हणजे? बहुतेक यंत्रे जुने पुसून त्यावर नवे लिहितात. घरच्या दारावरच्या कॅमेऱ्यात आपण हे पाहिले असेल. विजेचा नवा मीटर दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतो असे धरा. दिवसाच्या 96 नोंदी, 35 दिवसांच्या 3,360. छत्तिसाव्या दिवशी पहिला दिवस पुसला जाणार. बिलाबद्दल तक्रार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. मजुराचे तर विचारूच नका. यंत्राची आठवण महिनाभराची आणि आमच्या प्रकरणाची पुढची तारीख तीन महिन्यांनी!

गोदामांतली गोष्ट आणखी निराळी. तेथे हातात धरायचा वाचक असतो. डब्यावरचा पट्टा त्याला दाखवला की नोंद होते. पत्र्याच्या मोठ्या छपराखाली काही कोपऱ्यांत संदेश पोचत नाही. तेव्हा यंत्र नोंदी पोटात साठवते आणि बाहेर आल्यावर एकदम पाठवते. पाठवताना प्रत्येक नोंदीबरोबर ती केल्याची वेळ गेली तर ठीक. पण केंद्राने पोचल्याची वेळच धरली, तर कागदावर असे दिसेल की हा मुलगा वीस मिनिटे हात बांधून उभा होता आणि नंतर एका मिनिटात त्याने चाळीस डबे उचलले. पहिल्याबद्दल त्याला बोलणी, दुसऱ्याबद्दल उद्यापासून तीच गती मागितली जाणार. चार बाइटांची वेळ जपली नाही म्हणून एवढे रामायण!

येथे कोणी शंका घेईल की लहान कारखानदाराने हे सारे कोठून परवडवायचे? रास्त शंका आहे. भिवंडीचा मालकही पुष्कळदा आठ-बारा मागांचा धनी आणि सुताच्या भावापुढे हतबल असतो. म्हणून आम्ही हिशेबच मांडतो. वेतन संहिता 2019 साली मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीत मालकाने नोंदवही ठेवावी, कामगाराला वेतनचिठ्ठी द्यावी असे आहे, आणि थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. म्हणजे कायद्याने कामगाराला तीन वर्षांची मुदत दिली. मग नोंदही तीन वर्षे नको काय? एका पाळीचे 480 बाइट, दोन पाळ्यांचे 960, महिन्याचे 28,800, छत्तीस महिन्यांचे 10,36,800. सहा मागांचे 62 लाखांच्या आसपास. बाजारात सहज मिळणारी एक लहान चकती 84 लाख बाइट धरते, आणि सहा मागांची तीन वर्षे तिच्यात बसून जागा उरते. “जागा नाही” हे उत्तर येथे टिकत नाही.

दुसरी सबब भाषेची. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अक्षरे डबीत मावत नाहीत, म्हणून सूचना इंग्रजीत, असे आम्हांला ऐकवले गेले. देवनागरीच्या किंवा तेलुगूच्या एका वर्णाला सध्याच्या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. उर्दूला बहुधा दोन. सगळ्यांना तीन धरू. चाळीस वर्णांच्या शंभर सूचना, चार भाषांत: 48,000 बाइट. अक्षरांच्या आकृत्यांना आणखी थोडी जागा द्या. पद्मानगरच्या विणकराला त्याच्या भाषेत “माग थांबला, ताणा तुटला” हे वाचता यावे, यासाठी हा खर्च फार आहे काय?

पण याला दुसरी बाजू आहे, आणि तीही तितकीच महत्त्वाची. जपता येते म्हणून सारेच जपावे काय? कामगार पाणी प्यायला किती वेळ गेला, कोणाशी बोलला, हेही यंत्राला लक्षात ठेवता येईल. 2023 साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात नोकरीच्या कामासाठी मालकाने माहिती वापरायला वेगळी संमती लागत नाही. आणि “माझी माहिती मला दाखवा” असे म्हणण्याचा हक्क प्रामुख्याने संमतीने दिलेल्या माहितीला जोडलेला आहे. म्हणजे मागाजवळच्या माणसाला तेथून फारसे हाती लागत नाही. जे कायद्यात नाही ते करारात मिळवावे लागते. आठवड्याची सुटी आणि आठ तासही कोणी आपण होऊन ताटात वाढले नव्हते.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या साध्या आहेत. एक, डबी बसवण्यापूर्वी ती काय टिपणार, किती वेळाने टिपणार आणि किती दिवस ठेवणार, हे कागदावर लिहून कामगारांच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. दोन, मजुरीची नोंद तीन वर्षे राहावी आणि वीज गेल्याची नोंद तिच्याबरोबर राहावी. तीन, पाळी संपताच विणकराला त्याच्या भाषेत आकडा दिसावा आणि चिठ्ठी मिळावी. त्याची प्रत त्याच्याजवळ राहू द्यावी. चार, मजुरीशी ज्याचा संबंध नाही ते यंत्राने जागच्या जागी विसरावे, पुढे पाठवू नये. एका ओळीत सांगायचे तर, मजुरीचे जपावे, माणसाचे विसरावे.

यंत्राशी आमचे वैर नाही. नीट बसवलेली डबी मेहताजीच्या वहीपेक्षा खरी ठरू शकते. त्या शेडात पुढे ती ठरलीही. फक्त तिची आठवण दोघांनाही वाचता आली पाहिजे. एकट्या मालकाला वाचता येणारी वही ती जुनीच वही. कागदाऐवजी चकती आली म्हणून ती नवी होत नाही.

परतताना आपण वऱ्हाळ तलावावरून जाल, शेडांचे दिवे दिसतील. एखाद्या शेडात सहज डोकावून पाहा, भिंतीवर खडूच्या रेघा आहेत का. जोवर त्या रेघा आहेत तोवर समजावे की आतल्या माणसाचा यंत्राच्या आठवणीवर अजून पुरता विश्वास नाही. तो विश्वास मिळवणे यंत्र बनवणाऱ्याचे, बसवणाऱ्याचे आणि आम्हां संघटनेवाल्यांचे काम आहे.